सावकाशचा फोटो

फोटो काढताना तोंड बंद ठेवायचं, हा आमच्या स्टुडिओचा नियम. गिऱ्हाइकानं नव्हे, फोटोग्राफरनं. तो माझ्या वडिलांनी घालून दिला आणि त्याला कारण होतं. आमचा मोठा कॅमेरा म्हणजे तिपाईवर चढवलेलं लाकडी खोकं. त्यात रीळ नसतं. हाताच्या पंजाएवढी फिल्मची एकेक पानं असतात, ती डार्करूममध्ये एका चपट्या होल्डरात भरून न्यायची, एका अंगाला एक आणि दुसऱ्या अंगाला एक. फिल्मला उजेड लागू नये म्हणून तिच्यावर पातळ काळी पट्टी सरकवलेली असते. होल्डर कॅमेऱ्यात बसवायचा, पट्टी ओढून काढायची, शटर उडवायचं, पट्टी परत आत. पट्टी ओढायला विसरलात तरी शटर वाजतं. समोरचे लोक हसतात, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत घरी जातात आणि फिल्म राहते कोरी करकरीत. म्हणून वडील ओढलेली पट्टी दातांत धरायचे. पट्टी दातांत असली तर फिल्म उघडी आहे. दात मोकळे असले तर हात आवरा.

मीही जन्मभर तसंच केलं. बायको म्हणते, हे दिवसभरात जेवढे गप्प असतात ते सगळं त्या पट्टीच्या कृपेनं.

या कामाचा मला अभिमान आहे, आणि तो लपवून ठेवण्याइतका मी नम्र नाही. हल्ली कॉलेजातली पोरं जुने कॅमेरे गळ्यात अडकवून येतात. काढलेला फोटो लगेच दिसत नाही याचंच त्यांना केवढं कौतुक! मी त्यांच्यावर खेकसतो, आणि त्यांचे रोल जिवापाड सांभाळून धुऊन देतो. माझा मुलगा या भानगडीत पडला नाही, तो टाइल्स विकतो. डार्करूममध्ये आली ती सून. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते. लग्न होऊन आली तेव्हा डार्करूमच्या दारात उभी राहून नाक वर करून म्हणाली, "बाबा, हा वास माझ्या ओळखीचा आहे." शिकत असताना तिनं एक्स-रेच्या फिल्म्स हातानं धुतल्या होत्या. आता तिच्याकडेही सगळं कॉम्प्युटरवर असतं. त्या वासावर आमचं जमलं. आमची भांडणंही तिथंच होतात, दार बंद असतं आणि घरात कुणाला ऐकू जात नाही.

आता बंबवाल्यांबद्दल सांगतो.

आमच्या स्टुडिओपासून चालत जाण्याच्या अंतरावर अग्निशमन केंद्र आहे. त्यांच्या जेवणाच्या खोलीत एक अख्खी भिंत फोटोंची आहे. केंद्राच्या वर्धापनदिनाला सगळे जवान बंबापुढे दोन रांगांत उभे राहतात आणि आमचा स्टुडिओ त्यांचा एक फोटो काढतो. सुरुवातीचे वडिलांचे, पुढचे माझे. मधे एका वर्षाचाही खंड नाही. मिशा बदलल्या, टोप्या बदलल्या, बंब तर कितीतरी बदलले. पण प्रत्येक फोटोत प्रत्येक जवानाच्या गणवेशाचं बटणसुद्धा मोजता येईल असं काम आहे. ती भिंत बघितली की माझी छाती अजूनही दोन बोटं वर येते.

एकच माणूस त्या भिंतीवर नव्हता.

केंद्राचा नियम असा की बंबाचं तोंड कायम फाटकाकडे आणि स्टीअरिंगवर कायम माणूस. फोटो असो, जेवण असो, मंत्री येवो. भोंगा वाजल्यावर चावी कुठं ठेवली हे शोधत बसायला वेळ नसतो. त्यामुळे फोटोच्या वेळी ड्रायव्हर आत बसलेला असायचा. फाटक उगवतीकडे, सकाळचं ऊन थेट बंबाच्या काचेवर, आणि काच अशी झळाळायची की आत माणूस आहे की पोतं, कुणाला सांगता येऊ नये. मी फिल्टर लावून पाहिले, कॅमेरा डावीकडे नेला, उजवीकडे नेला, एकदा तर शिडीवर चढलो. काच काही ऐकेना. वर्षामागून वर्षं त्या काचेवर एक पांढरा झोत आहे, आणि तो झोत म्हणजे आमचा सावकाश.

सावकाश हे त्याचं टोपणनाव. खरं नाव केंद्रातल्या अर्ध्या लोकांना माहीत नसेल. भोंगा वाजला की हा एका उडीत आत, आणि मागे चढणाऱ्यांना ओरडून सांगणार, "सावकाश बसा रे, सावकाश!" त्यांची बुडं टेकायच्या आत बंब चौकाच्या पलीकडे गेलेला असायचा. भरधाव नेऊनही त्यानं कधी कुणाच्या सायकलीला धक्का लावला नाही. सबंध नोकरीत आगीवर उशिरा पोचला असं एकदाही झालं नाही, हे तो स्वतः सांगत नाही, दुसरे सांगतात.

या वर्षी वर्धापनदिनालाच त्याची शेवटची ड्यूटी होती. त्याच्या काही दिवस आधी तो स्टुडिओत आला, खुर्ची ओढून बसला आणि बराच वेळ माझ्या लेन्सांकडे बघत राहिला.

"काय रे? पासपोर्टचा काढायचाय?" मी विचारलं.

"नाही. या खेपेला मला खाली उभं राहायचंय. सगळ्यांबरोबर. बदली ड्रायव्हर आलाय, तो बसेल आत. साहेबांना विचारलंय."

सूनबाई तिथंच प्रिंट कापत होती. ती म्हणाली, "काका, इतकी वर्षं बोलला नाहीत कधी!"

"कुणाला तरी आत बसायचंच होतं ना," तो म्हणाला. "त्यात बोलायचं काय?"

"पण मग फोनवर तरी काढून घ्यायचा होता एखादा, बंबासमोर."

"फोनात मी शंभर ठिकाणी आहे, पोरी. नातवानं मला सशाचे कान लावलेत. पण भिंतीवर मी नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आमची ही एकदा केंद्रात आली होती. सगळी भिंत बघितली आणि मला विचारते, अहो, तुम्ही नक्की इथंच नोकरी करता ना?"

तो हसला, आम्हीही हसलो. पण तो गेल्यावर मी सूनबाईला म्हणालो, हा फोटो चुकला तर मी कॅमेरा माळ्यावर टाकीन. ती म्हणाली, "माळ्यावर जागा नाही." तिच्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

केंद्रात साहेब नवे होते. कामाला वाघ, माणूस सरळ, पण फिल्म म्हटलं की कपाळाला आठी. "काका, मी फोनवर वीस काढतो, त्यातला चांगला निवडतो, पाच मिनिटांत मोठा करून मिळतो. हा तुमचा एक फोटो, तो कसा आलाय ते तुम्हालाही माहीत नाही. बिघडला तर?" मी म्हणालो, आजवर बिघडला नाही. ते म्हणाले, "या वर्षी काढा, ड्रायव्हरसाहेबांचा मान म्हणून. तो नीट आला तर पुढचं पुढे बघू."

बिघडला तर म्हणे! माझ्या डोक्यात तिडीक गेली ती वर्धापनदिनापर्यंत उतरली नाही.

आणि नेमकी त्याच आठवड्यात माझी कवळी आली. दोन्ही जबड्यांची, नवी कोरी. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दातांत धरून काही ओढायचं नाही, काही चावायचं नाही, कवळी निसटेल. मी घरी पट्टी धरून पाहिली. पट्टीबरोबर वरचा जबडाही खाली आला. बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मी ठरवलं, या वेळी पट्टी खिशात ठेवू. त्यात काय एवढं!

वर्धापनदिनाच्या सकाळी सूनबाईनं रजा घेतली आणि तिपाई खांद्यावर टाकून माझ्याबरोबर आली. अंगण धुऊन काढलेलं, बंब पुसून चकचकीत केलेला. बदली ड्रायव्हर, एक तरणा पोरगा, स्टीअरिंगवर जाऊन बसला. जवान दोन रांगांत उभे राहिले. पुढच्या रांगेच्या मधोमध साहेब आणि त्यांच्या शेजारी सावकाश. कडक इस्त्री, बूट असे की त्यात तोंड दिसावं.

मी काळ्या फडक्याखाली डोकं घातलं. या कॅमेऱ्याच्या काचेवर माणसं उलटी दिसतात, पाय वर आणि डोकी खाली. सवय झाली की त्यात काही वाटत नाही. मी भिंगानं बघत एकेक चेहरा स्पष्ट करत गेलो. सावकाशपाशी आलो आणि थांबलो. त्याला आपल्या हातांचं काय करावं हे कळत नव्हतं. दोन्ही हात पोटासमोर, मुठी अर्धवट वळलेल्या, जणू स्टीअरिंग धरलंय. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "दादा, गिअर टाका!" सगळे खिदळले. मी बाहेर येऊन दम भरला. होल्डर बसवला. शटर ताणून तयार ठेवलं.

"काका," साहेब म्हणाले, "हा दिसणार कधी आम्हाला?"

"परवा."

"परवापर्यंत यात कुणाचे डोळे मिटलेत ते कळणार नाही म्हणा की!"

बस. माझ्या हातात शटर उडवायची वायर, तोंड मोकळं, आणि तोंडात नवे दात. मी सुरू झालो. "साहेब, तुम्ही वीस काढता म्हणून विसांतल्या एकातही कुणी नीट उभं राहत नाही. पुढचा येईल की चांगला! इथं पुढचा नसतो. म्हणून बघा, हे सगळे कसे उभे आहेत. तुमच्या त्या फोनपुढे हा माणूस असा उभा राहील का? ही फिल्म आहे, साहेब, फिल्म! ती एकदाच बघते, पण—"

आणि 'पण' म्हणता म्हणता मी वायर दाबली. शटर वाजलं. आणि त्याच्या पाठोपाठ भोंगा.

तुम्ही बंबवाल्यांना धावताना जवळून पाहिलंय का? आत्ता दोन रांगा होत्या, पुढच्या क्षणी नुसतं अंगण. पाण्याची बादली कलंडली, कुणाची तरी टोपी गरगरत माझ्या पायाशी आली. सावकाश सगळ्यांच्या आधी बंबात होता. त्यानं त्या तरण्या पोराला शेजारच्या सीटवर ढकललं, आणि मला त्याचा आवाज ऐकू आला, "सावकाश बसा रे!" फाटक उघडलं आणि बंब गेला.

अंगणात मी, सूनबाई आणि कॅमेरा.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "पट्टी कुठं आहे?"

मी सवयीनं जिभेनं दात चाचपले. मग खिसा चाचपला. मग दुसरा खिसा. मग मी कॅमेऱ्याकडे बघितलं. होल्डरच्या वर पट्टीचं काळं टोक, जिथं असायला नको होतं तिथंच, आत बसलेलं. मी ती ओढलीच नव्हती.

लोकांनी केलेल्या या चुकीची मी आयुष्यभर टर उडवली होती. शिकाऊ पोरांना नवशिके म्हणून हिणवलं होतं. आणि ज्याच्यासाठी सगळा घाट घातला तो माणूस आता आगीकडे निघाला होता. संध्याकाळी ड्यूटी संपली की तो त्या केंद्राचा कुणी नव्हता. उद्या त्याला बोलावून, इस्त्री करायला लावून, जवानांना परत उभं करता आलं असतं. पण मग तो वर्धापनदिनाचा फोटो नव्हता, आणि सावकाशसारखा माणूस स्वतःसाठी दुसऱ्यांदा उभा राहिला नसता. त्याला मी ओळखतो.

आम्ही अंगणातच बाकावर बसलो. फोन घेणाऱ्या बाई मधून मधून दार उघडून बातमी सांगत होत्या. गाद्यांच्या गोदामाला आग. आत माणसं आहेत. दोन काढली. अजून एक आहे. मग खूप वेळ काहीच नाही. मग बाई बाहेर आल्या त्या डोळे पुसतच, "काढला, काढला तिसरापण."

ऊन डोक्यावर आलं आणि कललं. सूनबाईनं कुठून तरी चहा आणला.

"त्यांना काय सांगायचं?" मी विचारलं.

ती चहा फुंकत राहिली.

"धुताना बिघडली म्हणावं," मी म्हणालो. "केमिकल जुनं निघालं. फिल्मच खराब होती. कुणाला काय कळतंय?"

खरं सांगतो, आमच्या धंद्यात ही पळवाट कायम उघडी असते. डार्करूममध्ये काय झालं ते डार्करूमलाच माहीत. कितीतरी फोटोग्राफर त्या दारातून सटकलेत आणि अब्रू राखून आहेत.

"सांगता येईल," ती म्हणाली. "मी काही बोलणार नाही. फक्त साहेब म्हणतील, बघा, मी सांगत होतो ना, फिल्मचा भरवसा नाही."

मी कप खाली ठेवला. ती माझ्याकडे बघतही नव्हती. बाई भलतीच पोचलेली आहे. एक्स-रे काढून काढून तिला माणसाच्या आत कुठं काय आहे ते बाहेरूनच दिसतं.

फिल्मचा भरवसा नाही! जिनं काही केलंच नाही तिच्यावर आळ? ती बिचारी आत अंधारात बसून होती, वाट बघत. तिला दार उघडलं नाही कुणी? गप्पा छाटत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं.

दिवस मावळतीला लागला तेव्हा बंब परत आला. एवढा सावकाश मी त्याला कधी येताना पाहिला नव्हता. सावकाशनं तो मागे घेऊन फाटकाकडे तोंड करून लावला आणि एकेक जण उतरला. ओळखू येईनात. तोंडं काळी, त्यात डोळ्यांचं पांढरं तेवढं. कपड्यांतून पाणी गळत होतं. एक जण उतरला तो तिथंच फरशीवर बसला. बदली ड्रायव्हर नव्हता. त्याला धूर लागला होता, हॉस्पिटलात नेलं होतं, काळजीचं कारण नव्हतं, पण रात्रभर ठेवणार होते.

साहेबांनी मला पाहिलं. "काका, अजून इथंच? फोटो तर झाला ना सकाळी?"

एक 'हो' म्हटलं असतं तर सगळे आंघोळीला गेले असते.

"नाही झाला," मी म्हणालो.

सगळे वळले.

"फिल्म बिघडली का?" साहेबांनी विचारलं. थकलेला आवाज होता, त्यात कुचेष्टा नव्हती. तेच जास्त लागलं.

"फिल्मला काही झालेलं नाही, साहेब. ती सकाळी होती तशीच आहे. मी पट्टी काढायला विसरलो. तुमच्याशी तोंड चालवत होतो म्हणून विसरलो. चूक माझी आहे, तिची नाही. दोन पानं आणली होती, दोन्ही शाबूत आहेत. तुम्ही सगळे दमलात, दिसतंय मला. पण दोन सेकंद उभे राहाल का? ह्याच्यासाठी." मी सावकाशकडे बोट केलं.

सावकाश घाईघाईनं म्हणाला, "राहू दे रे. पोरं मरायला टेकलीत. राहू दे."

तेव्हा तो फरशीवर बसलेला जवान हाताचा टेकू घेऊन उठला. भिंतीला हात लावत लावत आला आणि सकाळी उभा होता त्या जागेवर जाऊन उभा राहिला. मग दुसरा आला. मग सगळेच. कुणी हुकूम दिला नाही, कुणी कपडे झटकले नाहीत. एकाच्या डोक्यावर टोपी नव्हती, ती मी दिवसभर माझ्या बाकावर सांभाळली होती. सूनबाईनं नेऊन दिली.

रांगा लागल्या आणि मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. बंबात कुणी नाही.

सावकाशच्या ते सगळ्यांआधी लक्षात आलं असणार. कारण तो रांगेतून मागे निघाला होता. पायरीवर पाय ठेवून त्यानं दारही उघडलं. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. रोज करतो ते काम करणाऱ्या माणसाचा चेहरा.

"उतरा," साहेब म्हणाले.

"साहेब, गाडी मोकळी—"

"मला चालवता येते. लायसन्स आहे माझ्याकडे. उतरा."

"तुमचं पहिलं वर्ष आहे, साहेब. भिंतीवर तुम्ही नाही, असं कसं चालेल?"

"मला पुढचं वर्ष आहे," साहेब म्हणाले. "तुम्हाला नाही. उतरा, हा हुकूम आहे."

साहेब चढले आणि दार लावून घेतलं. ऊन आता नव्हतं, पण उघडं आभाळ सगळंच्या सगळं त्या काचेत पडलं होतं. काच पांढरी झाली आणि साहेब दिसेनासे झाले.

मी फडक्याखाली गेलो. उजेड कमी होता, दोन सेकंद तरी लागणार होते. दोन सेकंद म्हणजे थोडे नव्हेत. दिवसभर आगीशी झुंजलेल्या माणसाच्या गुडघ्यांना दोन सेकंद पुष्कळ असतात, आणि एक हलला तर तो फोटोत धुराचा लोट होऊन येतो. मी भिंग सावकाशच्या डोळ्यावर धरलं. उलटा सावकाश. भुवया जळलेल्या, नाकावर काजळी, आणि डोळे थेट माझ्याकडे. इतकी वर्षं मी त्याच्या काचेवर भिंग धरत आलो होतो.

बाहेर आलो. पट्टी ओढली आणि ती सूनबाईपुढे केली. तिनं घेतली आणि दातांत धरली. मग मात्र तिला काही आठवलं. तिनं पट्टी तोंडातून काढून वर धरली, सगळ्यांना आणि मलाही दिसेल अशी, आणि हॉस्पिटलातल्या त्या खणखणीत आवाजात म्हणाली, "श्वास घ्या... रोखा... हलू नका."

दिवसभर धूर खाल्लेल्या त्या सगळ्या छात्या एकदम वर आल्या आणि थांबल्या. तिनं पट्टी परत दातांत धरली. मी वायर दाबली आणि मनात मोजलं. एवढी निश्चल माणसं मी आजवर पाहिली नाहीत. कपड्यांतून पाणी ठिबकत होतं तेवढंच हलत होतं. मी वायर सोडली.

पट्टी तोंडातून काढून "सोडा," ती म्हणाली, आणि सगळे खोकायलाच लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सावकाश बायकोला घेऊन स्टुडिओत आला. साध्या कपड्यांत तो निम्माच वाटत होता. फिल्म आम्ही आधीच धुतली होती आणि ती कशी आली होती हे मी सांगत बसत नाही, भिंतीवर जाऊन बघा. पण कागदावरचा प्रिंट मी मुद्दाम ठेवला होता. मी त्या दोघांना डार्करूममध्ये घेतलं. लाल दिवा लावला. सूनबाईनं फिल्ममधून उजेड दिलेला कोरा कागद केमिकलच्या ट्रेमध्ये सोडला आणि ट्रेचा कोपरा हलवत राहिली.

"यात काय आहे?" वहिनी म्हणाल्या. "पांढराच तर आहे."

"बघा तर," मी म्हणालो.

आधी बंबाची चाकं आली. मग बूट, ओल्या कपड्यांच्या घड्या, मग काळी तोंडं एकेक करून वर यायला लागली. बंबाची काच तेवढी पांढरी राहिली. वहिनींनी इतक्या वर्षांच्या सवयीनं तिथं बोट नेलं.

"हे बघा आले तुम्ही," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

सावकाश पुढे वाकला. त्यानं त्यांचा हात धरला आणि बोट हळूच खाली आणलं, पुढच्या रांगेत, मधोमध. तिथं तो होता. मुठी अर्धवट वळलेल्या, भुवया नाहीत, छाती श्वासानं भरलेली, आणि तोंडावर तो ताठा जो मी त्या भिंतीवरच्या प्रत्येक माणसाच्या तोंडावर पाहिलाय आणि ज्याच्यासाठी मी हा धंदा सोडत नाही.

वहिनी बघत राहिल्या. लाल उजेडातही मला दिसत होतं की त्यांना बोलता येत नाहीये. मलाही येत नव्हतं, आणि माझ्या दातांत तर काहीच नव्हतं. सूनबाई ट्रे हलवायची थांबली होती.

"भाऊजी," त्या शेवटी म्हणाल्या, "एक मोठा करून द्याल? घरी लावायला."

"दोन करा," सावकाश म्हणाला. त्यानं बायकोचं बोट अजून सोडलं नव्हतं. ते त्यानं परत वर नेलं, त्या पांढऱ्या काचेवर टेकवलं आणि तिला ओळख करून द्यावी तसं सांगितलं, "आणि हे आमचे साहेब. एक त्यांच्या घरी पाठवू."